सवलत कोणाला मिळावी?

रात्रीचा वर्ग भरला होता. कंदिलाचे दिवस गेले, आता वर्गात वीज आहे. पण मावशींचे लक्ष पाटीत नव्हते.

गुरुजींनी विचारले, "मावशी, आज अक्षर वळत नाही का?"

मावशी म्हणाल्या, "अक्षर वळतंय, मनच वळत न्हाई. आमच्या मालकांना कर्करोग झालाय. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू हायेत. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. दोघांचं रेल्वेभाडं कुठनं आणू? मागल्या खेपेला शेळी विकली. आता इकायला काय उरलंय?"

"तिकीट कसे काढलेत?"

"समदी काढतात तसंच. पुरं पैसं मोजून."

गुरुजींनी खडू घेतला. फळ्यावर एक शब्द लिहिला : सवलत. सर्वांनी तो मोठ्याने वाचला.

गुरुजी म्हणाले, "सवलत म्हणजे भाड्यात सूट. कर्करोगाचा रोगी उपचाराला किंवा तपासणीला जात असेल, तर स्लीपरच्या डब्यात त्याचे मूळ भाडे पूर्ण माफ असते. सोबतच्या माणसाला रुपयात बारा आणे सूट मिळते. साध्या दुसऱ्या वर्गात दोघांनाही बारा आणे सूट आहे. त्यासाठी रुग्णालयातून रेल्वेच्या नमुन्याचा दाखला भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर दाखवायचा."

मावशी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे शेळी उगाच गेली."

तात्या मागे बसले होते. तात्यांची दहा एकर ऊसबागाईत आहे. ते म्हणाले, "गुरुजी, रोग्याला द्या, बरोबर आहे. पण म्हाताऱ्यांनी काय केलं? आम्हालाही सूट होती, ती काढून घेतली."

"होती खरी," गुरुजी म्हणाले. "साठ वर्षांच्या पुरुषाला शंभरात 40 रुपये आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला 50 रुपये सूट मिळे. करोनाच्या साथीत, 20 मार्च 2020 पासून ती बंद झाली. अपंग, काही आजारांचे रोगी आणि विद्यार्थी यांची सवलत मात्र चालू राहिली. सरकारचे म्हणणे असे, की तिकीट आधीच स्वस्त आहे. 2024 साली रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, की शंभर रुपये खर्चाच्या प्रवासाला प्रवाशाकडून सरासरी 54 रुपयेच घेतले जातात."

"मग उरलेलं कोण भरतं?" एकाने विचारले.

"तुम्ही आम्हीच. एकाला सूट दिली, की तिचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. म्हणून ती कोणाला द्यावी, याचा विचार करावा लागतो."

तेवढ्यात आजीला सोबत म्हणून आलेली कॉलेजची मुलगी बोलली, "मी रोज रेल्वेनं कॉलेजला जाते. मुलींना पदवीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास फुकट मिळतो. मुलग्यांना बारावीपर्यंत मिळतो. पास नसता, तर बाबांनी मला दहावीलाच घरी बसवलं असतं."

एक मजूर म्हणाला, "मग सरळ गरिबी बघून द्या की."

गुरुजी म्हणाले, "तसेही करून पाहिले. 2009 साली 'इज्जत' नावाचा पास निघाला. महिना दीड हजारांपर्यंत मिळकत असलेल्या मजुराला 25 रुपयांत महिनाभर शंभर किलोमीटरपर्यंत प्रवास. पण मिळकतीचा दाखला आणायचा तर मजुरी बुडते. ज्याला गरज जास्त, त्यालाच खेटे जास्त! वयाचे तसे नाही. वय चटकन कळते. पण त्यात बागाईतदार आणि भूमिहीन एकाच रांगेत येतात."

सगळे तात्यांकडे पाहू लागले. तात्या हसले. म्हणाले, "कळलं गुरुजी. मला नको. पण आमच्या वाड्यामागची म्हातारी बघा. पोरगा मुंबईला गिरणगावात खोली करून राहतो. तिला ना रोग, ना शाळा. पोराला बघायची आस आहे, एवढंच. तिनं काय करावं?"

वर्ग शांत झाला.

गुरुजी म्हणाले, "तुमचा प्रश्न रास्त आहे. संसदेच्या रेल्वे समितीनेही सुचवले होते, की निदान स्लीपर आणि तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात वृद्धांना सूट परत द्यावी. भारी डब्यात बसणारा भाडे भरू शकतो. साध्या डब्यातली म्हातारी भाड्यापायी घरी बसते. मला विचाराल तर, भाड्यावाचून ज्याची वाट अडते, त्याला सवलत आधी मिळावी. ज्याची अडत नाही, त्याने ती आपणहून सोडावी. 2016 साली वृद्धांना तशी सोयही केलेली होती."

वर्ग सुटला. मावशी उठल्या नाहीत. पाटीवर त्यांनी सावकाश दोन शब्द लिहिले : सवलत. दाखला. मग म्हणाल्या, "गुरुजी, रुग्णालयात अर्ज माझ्या हातानं भरीन म्हणते. जरा मालकांचं नाव गिरवून द्या."

लक्षात ठेवा
1. प्रवासाआधी तिकीट खिडकीवर सवलतीची चौकशी करा.
2. खोट्या दाखल्यावर सवलत घेऊ नका. तो भार दुसऱ्यावर पडतो.
3. शेजारी रोगी असेल, तर त्याला हा धडा वाचून दाखवा.

प्रश्न
1. मावशींची शेळी कशामुळे गेली?
2. मिळकत पाहून सवलत देण्यात अडचण कोणती?
3. वाड्यामागच्या म्हातारीला सवलत मिळावी का? तुमचे मत चार ओळींत लिहा.