“थांब, पोलिसालाच बोलावते!”

लेकरू जेवत नाही. वरण-भात निवून चाललाय, परभणीची बस निघायच्या बेतात आहे, धाकट्याने वेगळंच भोकाड पसरलंय. अशा वेळी तोंडातून निघूनच जातं, “खातोस का बोलावू पोलिसाला?” दोन घास पटकन पोटात जातात. चला, काम झालं!

आपल्या पोखर्णीत हे घरोघरचं आहे. बागुलबुवाला आता कोणी भीत नाही, त्याच्या जागी पोलीस आला एवढंच. वाईट हेतूने कोणीच करत नाही. दमलेलं माणूस हाताशी येईल ते वापरतं.

पण घटकाभर लेकराच्या जागी बसून बघा. त्याला इतकंच कळलेलं असतं की, खाकीतला माणूस न जेवणाऱ्या पोरांना धरून नेतो. आणि नृसिंह जयंतीच्या गर्दीत आईचा हात सुटला, की त्याच लेकराने बंदोबस्तावरच्या पोलिसाकडे जावं, अशी आपली अपेक्षा. ते कसं जाईल? ते एखाद्या दुकानाच्या टेबलाखाली दडेल. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं, तर आणखी आत सरकेल. आपल्याला शोधताहेत हे त्याला कळेलच. पण कशासाठी, ते मात्र उलटं कळेल.

खरं तर धरून नेणं हे पोलिसांचं शेवटचं काम. १८२९ साली रॉबर्ट पील यांनी लंडनचं पोलीस दल उभं केलं, तेव्हाच मुख्य काम ठरलं ते गुन्हा घडू न देण्याचं. आणि ते एकट्या पोलिसाला जमत नाही, लोकांनी साथ द्यावी लागते.

आपल्याकडचं भिवंडीचं उदाहरण घ्या. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली त्या गावाने सोसल्या. १९८८मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतले शेजारी पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसू लागले, बारीकसारीक तक्रारी तिथल्या तिथे बोलू लागले. १९९२-९३ला शेजारची मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली.

आपल्या गावांतही हाच धागा आहे. पोलीस पाटील आहेत, बीट अंमलदार आहेत, ग्रामसुरक्षा दलं असतात. २००७च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम तर आपल्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. या साऱ्या व्यवस्थांची भिस्त एकाच गोष्टीवर आहे: कोणीतरी वेळेत येऊन सांगण्यावर.

आता विचार करा, घरात सगळ्यात आधी कोणाला काय काय कळतं? शाळेच्या वाटेवर कोण थांबतं, मोबाइलवर अनोळखी कोण गोड बोलतं, मोठी पोरं गुटख्याच्या पुड्या कुठून आणतात. हे लेकरांना माहीत असतं. आपल्यापर्यंत येत नाही, कारण त्यांना दोन धाक असतात. एक पोलिसांचा आणि दुसरा आपला. “तू तिथे गेलासच कशाला?” हा आपला पहिला प्रश्न असतो ना?

आपलेही धाक आहेतच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत आपण वाढलो आणि ठाण्याची पायरीही त्यातच धरली. लोक काय म्हणतील, पोरीचं नाव खराब होईल, पोराचं पुढे कसं होईल! ही काळजी खोटी नाही. म्हणून थोडं माहीत असलेलं बरं. बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, आणि लेकराच्या हातून काही चुकलं तरी त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. लेकरावर अत्याचार झाला असेल, तर पॉक्सो कायद्याखाली त्याचा जबाब घरीही घेता येतो आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, असा नियम आहे.

मग मोठी लेकरं विचारतातच, “पोलीस चांगले का वाईट?” डिसेंबर २०२४मध्ये परभणीत काय झालं, ते त्यांनीही ऐकलंय. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, दगडफेक, धरपकड, नंतर न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू. अशा वेळी विषय बदलावासा वाटतो. पण खरं ते सांगावं: कायदा पोलिसांनाही लागू असतो, त्यांनाही जाब विचारता येतो. भोळा विश्वास नको आणि आंधळी भीतीही नको. खाकी असो की नसो, कोणी एकटं चल म्हणालं किंवा अंगाला हात लावला, तर ओरडायचं, हेही त्यातच आलं.

फार काही करायला नको. एखाद्या दिवशी पोलीस पाटलांच्या घरावरून जाताना थांबून ओळख करून द्या. बंदोबस्तावरच्या ताई दिसल्या तर लेकराला त्यांना नमस्कार करू द्या. ११२ हा नंबर पाढ्यांसोबत पाठ होऊ द्या, लहान मुलांसाठीचा १०९८ही. मोबाइलवरून पैसे गेले तर १९३०, हा मात्र आपणच पाठ करू. आणि जत्रेला निघताना खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी.

सगळ्यात अवघड काम आपल्या वाट्याचं आहे. लेकरू काही सांगायला आलं की आधी पूर्ण ऐकायचं, रागवायचं असेल तर उद्या. उद्यापर्यंत राग बहुतेक उतरतो. आणि जेवणाचं म्हणाल, तर एखाद्या वेळी दोन घास कमी खाल्ले म्हणून कोणतंही लेकरू वाळत नाही. आपली बस मात्र एखाद्या दिवशी चुकेल. चुकू द्या.