हॉल बंद, कलाकार घरात : तरीही प्रेक्षक कसा टिकवायचा?



गायन क्लास, नृत्य क्लास, तबला-हार्मोनियम शिकवणी, मुलांची नाट्यशिबिरं, वाढदिवसाचे जादूचे प्रयोग हेही छोटे व्यवसायच आहेत. ही मंडळी मला नेहमी विचारतात, "सर, आमचा माल म्हणजे आम्हीच. आम्ही घरात अडकलो तर दुकानच बंद. मग काय करायचं?" व्हिडिओमध्ये यावर थोडं बोललो, इथे सविस्तर बघू.

लॉकडाऊन संपला, मग आता हे कशाला, असं वाटेल. पण पाय फ्रॅक्चर होतो, घरात बाळ येतं, आईवडिलांचं आजारपण निघतं. महिना-दोन महिने घरात बसायची वेळ कोणावरही येते. 2020 मध्ये ती सगळ्या जगातल्या कलाकारांवर एकदम आली. म्हणून शिकायला तोच काळ सगळ्यात चांगला.

आधी नुकसान समजून घ्या

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी देतात आणि गुढीपाडवा हा त्यातला मोठा दिवस. 2020 चा पाडवा होता 25 मार्चला. देशभराचा लॉकडाऊन सुरू झाला तोही त्याच दिवशी! चैत्र-वैशाखाच्या जत्रा रद्द, म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा भाग गेला.

आता व्यवसायाच्या नजरेने बघा. फडाचं गिऱ्हाईक कोण? व्यवहार होतो यात्रा कमिटीशी. समोर बसून शिट्ट्या मारणाऱ्या हजारो प्रेक्षकांपैकी एकाचाही फोन नंबर फडमालकाकडे नसतो. जत्रा बंद झाली की प्रेक्षकापर्यंत जायचा रस्ताच बंद. यात फडमालकाचा दोष नाही, तो धंदा पिढ्यानपिढ्या तसाच चालत आलाय. पण आपल्यासाठी मुख्य गोष्ट इथेच आहे : जागा बंद पडू शकते, पण प्रेक्षकाशी असलेलं नातं आपल्या हातात असेल तर धंदा पूर्ण बंद पडत नाही.

ते नातं हातात कसं ठेवायचं, याचे चार धडे.

धडा 1 : वेळ ठरवा आणि पाळा

बर्लिनमध्ये राहणारे पियानोवादक इगोर लेविट यांनी 12 मार्च 2020 पासून घरूनच ट्विटरवर वादन सुरू केलं. संध्याकाळची वेळ, घरातला पियानो, साधा कॅमेरा. असे एकूण 52 कार्यक्रम त्यांनी केले. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2 एप्रिल 2020 पासून दर गुरुवारी संध्याकाळी 7 वाजता रेकॉर्ड केलेलं एक नाटक यूट्यूबवर द्यायला सुरुवात केली. ते आठवडाभर बघता यायचं, मग पुढचं नाटक.

एक माणूस एकटा, दुसरी प्रचंड मोठी संस्था. दोघांचं सूत्र मात्र एकच : ठरलेली वेळ. दुकानाचं शटर रोज 10 ला उघडतं म्हणून गिऱ्हाईक 10 ला येतं. "मूड आला की लाईव्ह जाईन" म्हणणाऱ्याकडे प्रेक्षकही मूड आला तरच येतो.

याचा दुसरा फायदा कलाकाराला स्वतःला होतो. घरात बसून रियाज ढिला पडतो, कारण पुढे कार्यक्रमच दिसत नाही. शनिवारी संध्याकाळी 6 ला वीस माणसं फोनसमोर बसणार आहेत हे माहीत असलं, की बुधवारपासून तानपुरा आपोआप बाहेर निघतो.

धडा 2 : घराला शोभेल असाच माल बनवा

स्टेजचा कार्यक्रम जसाच्या तसा मोबाईलसमोर केला की फिका पडतो. ऋषिकेश जोशी यांनी 2020 मध्ये "नेटक" हा प्रकार आणला. त्यात "मोगरा" हे नाटक कलाकारांनी आपापल्या घरून, इंटरनेटवर थेट सादर केलं. पात्रं वेगवेगळ्या घरांत आहेत ही अडचण न मानता तीच नाटकाची रचना केली. सोनी मराठीवर "आठशे खिडक्या नऊशे दारं" ही मालिकाही कलाकारांनी घरूनच चित्रित केली होती.

संगीतवाल्यांनी दोन तांत्रिक गोष्टी लक्षात ठेवा.

एक, व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो. साधारण 30 मिलीसेकंदांच्या वर उशीर झाला की दोघांना एका लयीत वाजवणं अवघड होतं आणि नेहमीच्या कॉलवर उशीर त्याहून बराच जास्त असतो. म्हणून गायिका नाशिकला आणि तबलजी साताऱ्याला असं थेट जमत नाही. उपाय सोपा आहे. आधी तबलजीने ठेका रेकॉर्ड करून पाठवायचा, गायिकेने तो हेडफोनवर ऐकत गायचं, मग दोन्ही जोडायचं. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम फिलहार्मोनिकच्या वादकांनी मार्च 2020 मध्ये घराघरांतून वाजवलेला बीथोव्हेनचा व्हिडिओ जगभर गाजला, तोही वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडलेला होता.

दोन, झूमसारखी ॲप माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनवलेली आहेत. तानपुऱ्याचा सलग सूर त्यांना पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो दाबतात. झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" हे सेटिंग आहे, क्लासआधी ते चालू करा. विद्यार्थ्याचा सूर नीट ऐकूच आला नाही तर शिकवणार काय?

धडा 3 : फुकट कुठपर्यंत आणि पैसे कुठून, हे आधी ठरवा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 16 मार्च 2020 पासून रोज रात्री एक ऑपेरा ऑनलाईन मोफत दाखवला. जगभरातून लोकांनी बघितला. पण त्याच संस्थेचे वादक आणि कोरसमधले गायक एप्रिलपासून बिनपगारी घरी होते. बघणारे वाढले म्हणजे कलाकाराच्या घरात किराणा आला असं होत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

बर्लिन फिलहार्मोनिकचं उदाहरण वेगळं आहे. त्यांचा ऑनलाईन डिजिटल कॉन्सर्ट हॉल 2008 पासूनच पैसे घेऊन चालत होता. मार्च 2020 मध्ये त्यांनी तो 30 दिवस मोफत उघडला. म्हणजे मोफतला मुदत होती आणि पुढे सशुल्क दार तयार होतं. नॅशनल थिएटरनेही आधी मोफत दाखवताना देणगीचं आवाहन केलं आणि डिसेंबर 2020 मध्ये पैसे भरून नाटकं बघायची सेवा सुरू केली.

लेविट यांनी तर अजून एक मस्त गोष्ट केली. मे 2020 च्या शेवटी एरिक साती या संगीतकाराची छोटीशी रचना सलग 840 वेळा वाजवली, 15 तासांहून जास्त वेळ! नोटेशनची 840 पानं विकायला काढली, अडचणीतल्या कलाकारांना मदत म्हणून. वादन सगळ्यांना मोफत, पण हातात घेता येईल अशी वस्तू विकत.

आता आपला हिशोब मांडू. समजा गायन क्लासच्या ताईंकडे 20 जुने विद्यार्थी आहेत. शनिवारी 15 मिनिटं सगळ्यांसाठी मोफत गाणं. आठवड्यातून एकदा, महिना ₹600 फी घेऊन क्लास.

- जमा : 20 × 600 = ₹12,000
- तबलजीला रेकॉर्ड केलेल्या ठेक्यांचे : ₹2,000
- इंटरनेट आणि इतर : ₹800
- हातात : ₹9,200

तबलजीची ओळ मुद्दाम टाकली आहे. घरात अडकल्यावर आपण आधी साथीदाराला विसरतो. त्याचं घरही याच कलेवर चालतं आणि उद्या हॉल उघडला की पहिला फोन त्यालाच करायचा असतो.

धडा 4 : यादी तुमची हवी

फॉलोअर हे ॲपचे असतात, नंबर तुमच्या वहीत असतो. प्रत्येक कार्यक्रमाला, प्रत्येक क्लासला नाव, नंबर, गाव आणि काय आवडलं हे चार रकाने भरून घ्या. नंबर घेताना "कार्यक्रमाचा मेसेज पाठवू का?" असं विचारूनच घ्या. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एक लक्षात ठेवा : समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो. म्हणून समोर असतानाच सेव्ह करायला सांगा.

आणि दर वेळी विकायला मेसेज करू नका. "काकू, मागच्या वेळी तुम्ही भैरवी मागितली होती, या शनिवारी म्हणतोय," असा एक मेसेज दहा जाहिरातींना भारी पडतो.

हे सगळ्यांना जमतं का?

नाही. तमाशाच्या फडात कलाकारांपासून तंबू ठोकणाऱ्या कामगारांपर्यंत मोठा ताफा असतो, तो एका मोबाईलवर जगत नाही. महाराष्ट्रात नाट्यगृहं 5 नोव्हेंबर 2020 ला 50 टक्के प्रेक्षकांत उघडली, 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. एवढा काळ ऑनलाईन कमाईवर सगळं घर चालेल असं मी कुणालाही सांगणार नाही. म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. ऑनलाईन काम त्या पैशाला हातभार लावतं आणि प्रेक्षकाला तुमची आठवण ठेवतं.

या आठवड्याचा गृहपाठ

1. मागच्या एका वर्षातल्या 30 प्रेक्षकांची किंवा विद्यार्थ्यांची नावं आणि नंबर लिहून काढा.
2. आठवड्यातला एक वार, एक वेळ ठरवा. सलग चार आठवडे मोडायची नाही.
3. तुमच्या कलेतला 10 मिनिटांचा असा एक तुकडा निवडा जो छोट्या खोलीतच जास्त खुलतो.
4. मोफत काय, सशुल्क काय, हे एका कागदावर दोन रकान्यांत लिहा.

30 नावं आठवेनात तर घाबरू नका, 12 आठवली तर 12 पासून सुरू करा. आधी त्यातल्या तिघांना आज संध्याकाळी नुसता फोन करा. काही विकू नका, "कसे आहात?" एवढंच विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत रियाज चालू ठेवा आणि हिशोबाची वही जवळ ठेवा!