शिकवणं आणि स्वतःचं चित्र

प्रश्न : घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांचे वर्ग घेते. रात्री स्वतःचं चित्र काढायला बसले की तेही स्मरणचित्रासारखंच होतं. वर्ग बंद करू का? – एक कलाशिक्षिका, सांगली

उत्तर : वर्ग मुळीच बंद करू नका. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० ते १९६६ बडोद्याला शिकवत होते आणि त्याच काळात त्यांचं चित्र घनवादाकडून अमूर्ताकडे सरकत गेलं. अडचण शिकवण्यात नाही, हाताच्या सवयीत आहे. दिवसभर मुलांच्या कागदावर बाह्यरेषा सुधारायची, मग सपाट रंग भरायचा, आणि रात्री हात तेच करतो. म्हणून स्वतःसाठी पोस्टर कलर आणि पेन्सिल दोन्ही वर्ज्य करा. रेषा न आखता थेट रुंद ब्रशने छटांपासून सुरुवात करा.

तुमच्यासारख्या तुटक वेळेला मला तैलरंग योग्य वाटतात. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतं. तैलरंग दुसऱ्या रात्रीही बहुधा ओला सापडतो, कालची कड आज मऊ करता येते. अपवाद अंबर या तपकिरी रंगाचा. त्यात मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र कधीही चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. मुलं घरात वावरतात, तेव्हा हे आजपासूनच करा.

आणि मुलांच्या कागदावर हात चालवणं थांबवा. दुरुस्ती वेगळ्या कागदावर दाखवा. त्यात त्यांचंही भलं आहे.