राजा दीनदयाळ : एका छायाचित्रकाराचा व्यवसायमार्ग

आपल्या समाजातील काही तरुण वडिलांच्या पेढीवर न बसता निराळा व्यवसाय करू इच्छितात. कोणी छायाचित्रकलेचे नाव काढले की घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "यात पोट कसे भरणार ?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी राजा दीनदयाळ यांचे चरित्र अभ्यसनीय आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुरकी येथे स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रण त्यांनी १८७४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत हाती घेतले. नोकरी मात्र लगेच सोडली नाही. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. सारे साहित्य बरोबर वाहून न्यावे लागे. हे कष्ट सोसून त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची चित्रे घेतली. आराखडे काढणाऱ्यास वास्तूची रचना उमगते. म्हणून तेच त्यांचे पहिले विशेष क्षेत्र ठरले. पहिला धडा हा की, नवे कौशल्य जुन्या ज्ञानाच्या पायावर उभे करावे.

पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व १८९४ साली 'राजा' किताब दिला. आपला मुधोळ भागही तेव्हा त्याच संस्थानात होता. सिकंदराबादेस त्यांची चित्रशाळा होती. पडदानशीन स्त्रिया परपुरुषासमोर चित्रासाठी बसत नसत. हे ओळखून १८९२ साली त्यांनी एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली. गिऱ्हाईक दुकानापर्यंत का येत नाही, हे जो जाणतो त्यालाच नवा व्यापार सापडतो, हा दुसरा धडा.

एकाच आश्रयावरही ते विसंबले नाहीत. १८९६ साली त्यांनी मुंबईस शाखा उघडली. राजवाडे, लष्करी कवायती, इतकेच नव्हे तर दुष्काळनिवारणाची कामेही त्यांनी टिपली. १९०५ साली ते निवर्तले.

आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे. साध्या चित्राला मोल उरले नाही. सर्वांजवळ असलेल्या मालाला भाव येत नाही, हे धान्यबाजारातील आपणांस सांगावयास नको. पण कारंजा येथील भांडारांत असलेली आहेत तशी हस्तलिखिते, वेरूळच्या जैन लेण्यांतील शिल्पे, मंदिरांतील शिलालेख यांची चित्रे घेण्यास प्रकाशाचे ज्ञान, लिपीचा परिचय आणि पावित्र्याची जाण एकत्र लागते. असा जाणकार विरळा.

म्हणून पालकांनी मुलाला अडवू नये, तसेच हाती भांडवल देऊन मोकळेही होऊ नये. तू कोणते काम इतरांहून चांगले करशील आणि त्याचे दाम कोण देईल, हे प्रथम विचारावे. पुरेशी मिळकत होईपर्यंत पहिला उद्योग सोडू देऊ नये आणि हिशेब रोजच्या रोज लिहावयास लावावा. एवढे पाळल्यास कॅमेराही तराजूइतकाच प्रतिष्ठेचा ठरेल.