सर्वांस एकच वाट

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. तथापि वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातीं असल्यामुळें बांबू बाहेर नेऊन विकतां येईना. २७ एप्रिल २०११ रोजीं परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें, तेव्हां कोठें तो हक्क फळास आला. माल आपला असून भागत नाहीं. बाजाराची वाटहि मोकळी असावी लागते.

आतां बाजार इंटरनेटवरहि भरतो. तेथील वाट कोणाच्या हातीं असावी? २०१५ सालीं फेसबुक व रिलायन्स कम्युनिकेशन्स यांनीं निवडक संकेतस्थळें फुकट दाखविण्याची योजना आणिली. गरिबास कांहींच न मिळण्यापेक्षां थोडें मिळालेलें बरें, असें तिचे पुरस्कर्ते म्हणत. हें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. परंतु समजा, चंद्रपुरास जाणारी एक मोटार फुकट आहे, मात्र ती ठराविक दुकानांपुढेंच थांबते; मग बुरडाच्या सुपांकडे व टोपल्यांकडे कोण फिरकेल?

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. नियम मोडणाऱ्या कंपनीस दररोज ५०,००० रुपये, जास्तींत जास्त ५० लाख, दंड ठरविला. संकटकाळच्या सेवांस तेवढी सूट ठेविली.

नियमानें वाट सर्वांस सारखी केली. रानांतील प्रत्येक टोल्यापर्यंत ती नेण्याचें काम मात्र नियमानें होत नाहीं. तें अद्याप उरलें आहे. पालकांनीं मुलांस एवढें अवश्य शिकवावें कीं, कांहीं फुकट मिळालें, तर त्याची निवड कोणी केली, हें आधीं विचारावें.