नावं ठेवलेली थार खपली, टाळ्या मिळालेली जिम्नी अडली

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ संपला, म्हणून राहिलेला भाग इथे लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी अडणार नाही.

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान असलेले एक दादा माझ्या बॅचला होते. जानेवारी २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने पाच दारांची जिम्नी दाखवली आणि ऑफ-रोडवाल्या मंडळींनी ती डोक्यावर घेतली. दादांच्या दुकानातही रोज तोच विषय. "सर, छतावरचे कॅरिअर आत्ताच भरून ठेवू का? साठ नग, सव्वाचार लाख." मी म्हणालो, भरा. म्हणजे चूक माझीही आहे, आणि म्हणूनच हा धडा लिहितोय.

आता थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट २०२० ला महिंद्राने नवी थार दाखवली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी, तीन दारांची, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, फक्त २,४५० मिलिमीटर. हे अंतर कमी असलं की गाडी उंचवट्यावरून जाताना पोट घासत नाही, अरुंद वाटेवर पटकन वळते. त्याची किंमत मागचा माणूस मोजतो. पाय ठेवायला जागा कमी, सामानाला त्याहून कमी. हौशी माणसाला हा सौदा मंजूर असतो. त्याच्या घरच्यांना असतोच असं नाही.

त्या थारवर हौशी लोक काय बोलले आठवतंय? ही तर रँग्लरची नक्कल. मागे बसायला पुढची सीट वाकवून चढावं लागतं. टचस्क्रीन कशाला, ऑटोमॅटिक कशाला, जीपमध्ये हे लाड हवेत कुणाला? जुन्या थारचा रांगडेपणा गेला म्हणून गळा काढणारे तर कितीतरी होते. मग २ ऑक्टोबरला किमती जाहीर झाल्या, ९ लाख ८० हजारांपासून. चार दिवसांत ९,००० च्या वर बुकिंग, महिन्याभरात २०,०००. काही मॉडेल्सना महिनोन् महिने वेटिंग. आणि ज्या ऑटोमॅटिकला लोक हसले, त्याचाच वाटा सुरुवातीच्या बुकिंगमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त!

जिम्नीचं बरोब्बर उलटं झालं. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा सगळ्या मॉडेल्समध्ये, खाली खरीखुरी लॅडर चासी, आकार आटोपशीर, वजन कमी. हौशी माणसाच्या यादीतलं बहुतेक सगळं तिच्यात होतं. ७ जून २०२३ ला किंमत आली, १२ लाख ७४ हजारांपासून. त्याआधीच ३०,००० च्या वर बुकिंग झालं होतं. पण जुलैमध्ये साडेतीन हजारांच्या वर गेलेली महिन्याची विक्री डिसेंबरात हजाराच्या खाली आली. त्याच सुमारास कंपनीने थंडर एडिशन आणून सुरुवातीची किंमत १० लाख ७४ हजारांवर आणली. दादांकडे तेव्हा साठपैकी बेचाळीस कॅरिअर पडून होते, आणि रकमेवर व्याज चालू.

असं का झालं? मी दोन महिने हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. माझं उत्तर असं. थारला नावं ठेवणारा माणूस मनातल्या मनात त्या गाडीत बसलेला होता. आई मागे कशी चढेल, हा प्रश्न विकत घ्यायची इच्छा असलेल्यालाच पडतो. ज्याला घ्यायचीच नाही तो फक्त "भारी आहे" म्हणतो. जिम्नीबद्दल "भारी" खूप ऐकू आलं. पण आमच्याकडे माणसं पाच आणि सीट चारच, हे किंमत कळल्यावर घरात बोललं गेलं. एक्स्पोच्या गर्दीत ते कोण बोलणार? बरं, बुकिंगचे पैसे परत मिळतात, हेही विसरू नका. ते अर्धं वचन असतं.

आणखी एक गंमत बघा. जिम्नी दाखवली त्याच जानेवारीत महिंद्राने थारचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेल आणलं, ९ लाख ९९ हजारांपासून. हौशी मंडळी खवळली. फोर बाय फोर नसेल तर थार कसली? आणि नेमकी तिच्यासाठीच रांग लागली. लोकांना थार हवी होती ती दिसण्यासाठी आणि उंच बसण्यासाठी. डोंगर चढायला निघालेले मोजकेच.

मग जिम्नी वाईट गाडी का? अजिबात नाही. तीच पाच दारांची गाडी, भारतातच बनलेली, जानेवारी २०२५ मध्ये सुझुकीने 'जिम्नी नोमाड' नावाने जपानमध्ये जाहीर केली. महिन्याला १,२०० विकायचा बेत होता. चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० ऑर्डर आल्या आणि ऑर्डर घेणं थांबवावं लागलं! तिथे १९७० पासून लोक जिम्नी वापरत आलेत. तिची अरुंद सीट, तिची मागची अडचण, सगळं त्यांना अनुभवाने माहीत, आणि "मागे दार द्या" ही मागणी वापरणाऱ्यांची होती. दार देण्यासाठी व्हीलबेस २,२५० वरून २,५९० वर न्यावा लागला, उंचवटा ओलांडायची क्षमता थोडी घटली, तरी ते नाराज झाले नाहीत. थारच्या मागच्या दाराची तक्रारही तशीच होती. महिंद्राने चार वर्षांनी रॉक्स आणली, पाच दारांची, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्या तासात १,७६,२१८ बुकिंग झालं.

आता वही काढा. तुमचं नवं प्रॉडक्ट, मग ते लोणचं असो की क्लास, बघून गेल्या महिन्यात कोण काय म्हणालं ते आठवून लिहा. समोर दोनच रकाने. त्याने अडचण नेमकी सांगितली का? ॲडव्हान्स ठेवला का? नुसतं "छान" म्हणणाऱ्यांची नावं लिहूच नका, वहीची पानं वाया जातील.

दादांनी ही वही खरंच ठेवली आहे. रॉक्सच्या वेळी आधी दोनच नमुने मागवले आणि पाचशे रुपये ठेवून जाणाऱ्यांपुरताच माल भरला. जिम्नीचे अकरा कॅरिअर अजून दुकानात टांगलेले आहेत. परवा मी तिथे असताना एक तरुण आला, कॅरिअर हाताने चाचपलं, "कडक आहे दादा" म्हणाला आणि निघून गेला. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटून गल्ल्यावर ठेवली.