मेमरी लीक काढायला किती पैसे मोजावेत?

सुरतजवळ कामरेज चार रस्त्याच्या पुढे एका कापड युनिटात मला सकाळी आठला बोलावलं होतं. कॅमेऱ्याखालून ताका सरकतोय, पण डाग आणि तुटलेला धागा ओळखायला शिकणारं मॉडेल रात्रीच बंद पडलेलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद होती की मेमरी संपल्यामुळे लिनक्सनं प्रोसेस मारून टाकली. शेठनी विचारलं, "भाऊ, बत्तीस जीबीची रॅम चौसष्ट करून घेऊ?" आधीच्या माणसानं तोच सल्ला दिला होता. मी म्हटलं, आज काही विकत घेऊ नका.

गळक्या टाकीच्या जागी मोठी टाकी बसवली तर ती रिकामी व्हायला जास्त वेळ लागेल, एवढंच. म्हणून पहिला खर्च निदानाचा करा आणि तो वेगळा ठरवा. दुरुस्तीचा ठोक आकडा निदानाआधी सांगणाऱ्याला काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गळती कुठे आहे हे कळण्याआधी तो आकडा कशावरून काढणार?

निदानात नेमकं काय होतं ते ग्राहकालाही कळायला हवं. मॉडेल बाजूला ठेवून फक्त डेटा लोडर चालवायचा आणि दर शंभर बॅचनंतर मेमरीचा आकडा छापायचा. मग लोडरच्या वर्कर प्रोसेसची संख्या शून्य करून तेच पुन्हा. आकडा सुरुवातीला चढून स्थिरावला तर ती बहुधा गळती नसते. प्रत्येक फेरीत तेवढाच चढत राहिला तर गळती धरून चाला. पायथॉनमध्ये यासाठी ट्रेसमॅलॉक ३.४ या आवृत्तीपासून सोबतच मिळतं, सी प्लस प्लससाठी व्हॅलग्रिंड आहे. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे बिलात 'टूल चार्ज' दिसला तर कशाचा ते विचारा.

या युनिटात सापडलं ते पायटॉर्च वापरणाऱ्यांच्या ओळखीचं दुखणं होतं. दहा लाख फोटोंचे पत्ते पायथॉनच्या साध्या लिस्टमध्ये ठेवले होते. एका पत्त्याला साधारण शंभर बाइट धरले तरी शंभर एमबी होतात. लिनक्सवर आठ वर्कर सुरुवातीला ही मेमरी वाटून वापरतात. पण पायथॉन प्रत्येक वस्तूजवळ ती किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी ठेवतं, त्यामुळे नुसतं वाचलं तरी त्या जागेवर लिहिलं जातं आणि वर्करची स्वतंत्र प्रत तयार होते. आठ प्रती म्हणजे आठशे एमबी. इथे प्रत्येक फोटोसोबत दोषांच्या नोंदींची डिक्शनरीही होती, त्यामुळे आकडा कित्येक जीबींवर गेला. खऱ्या अर्थानं ही गळती नव्हेच. लिस्टच्या जागी नमपायचा सलग अ‍ॅरे वापरला आणि चढ थांबला. बदल झाला जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा.

आता हिशोब. दर माणसागणिक बदलतो, म्हणून समजण्यापुरते ताशी १,००० रुपये धरू. निदान ४ तास, दुरुस्ती ३ तास, पडताळणी २ तास, म्हणजे ९,००० रुपये. रात्रभर मशीन आपोआप चालतं, त्या वेळेचे पैसे देऊ नका. दोष कॅमेऱ्याच्या सी प्लस प्लस लायब्ररीत असेल तर मात्र तास वाढतात आणि ते रास्त आहे, कारण व्हॅलग्रिंडखाली प्रोग्राम वीस-तीस पट हळू चालतो. तासाभराची चाचणी दिवसभर पुरते. अशा वेळी 'सगळा कोडच नव्यानं लिहू' असा प्रस्ताव येतो, तेव्हा आधी निदानाचा लेखी अहवाल मागा.

रोज पहाटे प्रोग्राम रीस्टार्ट करण्याची सोय अर्ध्या तासात होते. ऑर्डर तोंडावर असेल तर जरूर करून घ्या, पण तिला दुरुस्तीचे पैसे देऊ नका.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा मेमरीचा आलेख, बदललेला कोड, आणि ज्या स्क्रिप्टनं मोजलं ती स्क्रिप्ट. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी लोडरला हात लावला तर तीच स्क्रिप्ट तुमचे निदानाचे चार तास वाचवेल. कबुलीही लेखी घ्या: 'दहा फेऱ्यांनंतरची मेमरी दुसऱ्या फेरीच्या आसपासच राहील.' 'सिस्टीम व्यवस्थित चालेल' या वाक्यावर सही करू नका.

सॉफ्टवेअर सेवेवर जीएसटी १८ टक्के. वरच्या ९,००० रुपयांवर १,६२० रुपये, एकूण १०,६२०. माणूस सुरतेचा असेल तर बिलात केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के दिसेल. पुण्या-नाशिकहून काम करून घेतलंत तर सरळ १८ टक्के आयजीएसटी. तुमची नियमित नोंदणी असेल तर या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या. एकट्यानं काम करणाऱ्या अनेकांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असते. अशांना नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणी नसताना कर लावताही येत नाही. तरी कुणी मागितलाच, तर त्याचा पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहा आणि मगच पैसे पाठवा.